संबंधित कर्मचाऱ्यास कळवू नये

अँब्रोस ड्रायलिंगच्या कंपनीत एक मालक होता आणि एक कामगार. दोघेही अँब्रोसच. एकतीस वर्षे दोघांचे उत्तम जमले. मालकाने कामगाराला उशिरा आल्याबद्दल कधी बोल लावला नाही, कामगाराने मालकाकडे कधी रजा मागितली नाही. दोघांत भांडण लावले ते नियमांनी.

काम म्हणजे रुळांमधले तण मारायचे. पश्चिम कन्सासमधला दोनशे बारा मैलांचा रूळ त्याच्याकडे होता. ज्या सूर्यफुलाचे चित्र सरकारने राज्याच्या झेंड्यावर काढले आहे, तेच रुळात उगवले की अँब्रोस त्यावर औषध मारी, आणि यात काही विसंगती आहे असे त्याला कधी वाटले नाही. त्याचा ट्रक त्याने स्वतः जोडलेला होता. पोटाखालची लोखंडी चाके खाली सोडली की ट्रक आगगाडीसारखा रुळावरून चाले. समोरून खरी आगगाडी यायची असली की आधी सूचना मिळे. मग ट्रक बाजूला घ्यायचा, खाली उतरायचे आणि सगळी गाडी डोळ्यांखालून जाईपर्यंत उभे राहायचे, हा तिथला रिवाज. एखादे चाक तापले, साखळी लोंबली, तर खाली उभ्या असलेल्यालाच दिसते. सव्वाशे डब्यांची मालगाडी जायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात अँब्रोस डोळ्यांनी चाके बघे आणि बाकीच्या शरीराने लघवी उरकून घेई. सहासष्टाव्या वर्षी अशी संधी कुणी सोडत नाही. त्या मार्गावरचे सगळे ड्रायव्हर त्याला पाठमोरा ओळखत आणि जाताना भोंगा वाजवत.

तर नियम. रुळावर काम करणाऱ्या ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाची दारू आणि इतर नशेसाठी अचानक तपासणी व्हायला हवी. यावर अँब्रोसचे काही म्हणणे नव्हते. प्यायलेला माणूस रुळावर नको, हे त्याला छापून कळवायची गरज नव्हती. हंगामात तो बीअरसुद्धा शिवत नसे, आणि त्याच्या ओबरडॉर्फसारख्या जर्मन कॅथलिकांच्या गावात याला जवळजवळ धर्मांतर समजतात. त्याचा वैताग वेगळाच होता. कामगाराला मालकाने नियमांची चौतीस पानी पुस्तिका द्यावी आणि पोच घ्यावी, असे कलम होते. अँब्रोसने स्वतःला पुस्तिका दिली, स्वतःकडून सही घेतली. व्यसनात अडकलेल्या कामगाराने कुणाला फोन करावा याचा कागद सूचनाफलकावर लावायचा होता. तो त्याने फ्रिजवर लावला. त्या कागदावरचा पहिला नंबर त्याचाच होता.

इथवर ठीक होते. मग गेल्या जुलैत रेल्वेच्या लक्षात आले की छोट्या ठेकेदारांची मोट बांधून दर तिमाहीला संगणक जी चिठ्ठी काढतो, तिचे गुप्त पत्र मालकाकडे जाते. मालकाने ते गुप्त ठेवायचे आणि ऐनवेळी कामगाराला तपासणीला धाडायचे. ड्रायलिंगच्या कंपनीत हे कसे व्हायचे? अँब्रोसने फोनवर सांगितले की पत्र आले तर मी ते वाचणार नाही. मग कामगाराला कधी पाठवायचे ते तुम्हाला कसे कळेल, असे तिकडून विचारले गेले. अँब्रोस म्हणाला, बरं, वाचतो, पण मनाला लावून घेत नाही. तेही चालले नाही. पत्रे घेण्यासाठी दुसरा माणूस नेमा, विश्वासू, तोंडाचा घट्ट, असा हुकूम आला.

तोंडाचा घट्ट म्हटल्यावर जिल्ह्यात एकच नाव होते. अँब्रोसची थोरली बहीण क्लोटिल्डा, म्हणजे टिल्डी. चाळीस वर्षे तिने चर्चमागच्या घरात पाच फादरांचा स्वयंपाक केला. मागच्या दाराने कोण रडत आले, कुणाचे लग्न का मोडले, कुठल्या बिशपने फोनवर काय शब्द वापरले, हे सगळे तिच्या पोटात होते आणि तिथेच राहिले. वडील दवाखान्यात वारले तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले होते, इतक्यात कुणाला सांगू नका. ती दोन तास सगळ्यांना कॉफी देत बसली होती. डॉक्टर सांगायला विसरून जेवायला गेले होते.

निवृत्त झाल्यावर ती विधुर भावाकडे राहायला आली. कंपनीची गुप्त प्रतिनिधी म्हणून तिची नेमणूक झाली. रेल्वेने नाव मंजूर केले आणि वर्षभर सगळे शांत होते.

तीस जूनला, करार संपायच्या दिवशी, दुपारी एक वाजता तपासनीस आली. कन्सास सिटीहून गाडी हाकत आलेली ही शेल्बी हॉकिन्सन नावाची तिशीतली, नम्र, कायम थकलेली बाई होती. तिच्या पुढ्यातल्या लॅपटॉपवर ड्रायलिंग कंपनीच्या नावापुढे हिरवी खूण उमटली तर दोनशे बारा मैल आणखी वर्षभर अँब्रोसचे. लाल उमटली तर ते वायोमिंगच्या एका कंपनीला जाणार होते, जिच्याकडे चाळीस माणसे आणि चार ट्रक होते. अँब्रोसला आणखी दोन हंगाम हवे होते, फक्त दोन. त्यानंतर काय करायचे हे त्याने ठरवले नव्हते, कारण त्याला दुसरे काही येत नव्हते.

टिल्डीने टेबलावर कॉफी ठेवली आणि पीचचा कुचेन, म्हणजे जर्मन केक, कापला. हॉकिन्सनबाईंनी एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला आणि मग विचारले की ऑक्टोबरच्या तिमाहीत मिस्टर ड्रायलिंगची चिठ्ठी निघाली होती, त्या तपासणीचा कागद कुठे आहे.

अँब्रोस म्हणाला, चिठ्ठी निघालीच नव्हती.

"निघाली होती," हॉकिन्सनबाई म्हणाल्या. "जानेवारीच्या तिमाहीतही निघाली होती. दोन्ही पत्रं मिस क्लोटिल्डा ड्रायलिंग यांनी सही करून घेतली आहेत."

अँब्रोसने बहिणीकडे पाहिले. बहीण कॉफी ओतत होती.

"टिल्डी, पत्रं आली होती?"

"कसली पत्रं?" टिल्डी म्हणाली. चेहरा असा, की पाच फादर आणि दोन बिशप तिथे हरले असते.

हॉकिन्सनबाईंनी समजुतीने सांगितले की, मॅम, मी रेल्वेकडून आले आहे, मला सांगायला हरकत नाही. टिल्डीने भावाकडे बोट केले आणि सांगितले की हा कामगार आहे, त्याच्यासमोर ती बोलणार नाही. पत्रावर ठळक अक्षरात लिहिले आहे, 'संबंधित कर्मचाऱ्यास आगाऊ कळवू नये.'

म्हणून अँब्रोसला स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेर जावे लागले. बाहेर काही काम नव्हते. तो बाथरूमला जाऊन आला.

परतला तेव्हा टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता, टिल्डी पत्रे त्यातच ठेवी, आणि हॉकिन्सनबाई कपाळ चोळत होत्या. टिल्डीचे म्हणणे सरळ होते. पत्रात लिहिले होते, कर्मचाऱ्याला तपासणीच्या वेळीच कळवावे. आता तपासणीची वेळ म्हणजे तपासणीवाले येतात ती वेळ. बिशप येतात, लसीवाले येतात, तसे हेही येतील. दोन्ही वेळा पत्र मिळाले त्या दिवशी तिने घर झाडले, कुचेन भाजला आणि वाट पाहिली. कुणी आले नाही. यात तिची काय चूक?

अँब्रोसला आठवले. नोव्हेंबरात एका मंगळवारी कुचेन होता. फेब्रुवारीतही होता, तोही सणवार नसताना. टिल्डी मऊ झाली असे वाटून त्याने दोन्ही वेळा तीन तीन तुकडे खाल्ले होते.

"अगं बाई," तो म्हणाला, "ते येत नसतात. मला जावं लागतं. हेजला, चाळीस मैल. तू मला सांगायचं, आणि मी जायचं."

"सांगू नये असं लिहिलंय."

"आगाऊ सांगू नये."

"मी मागाहूनही सांगितलं नाही," टिल्डी म्हणाली.

हॉकिन्सनबाईंनी लॅपटॉपवर टाइप केले. गुप्तता राखली जाते का, या प्रश्नाला ड्रायलिंग कंपनीला दहापैकी दहा मिळाले. असे दहा त्यांनी आजवर कुणाला दिले नव्हते, असे त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले की दोन चुकलेल्या तपासण्या कंपनीचा दोष धरल्या जातील, कामगाराचा नव्हे, कारण कामगाराला माहीत नव्हते. सुधारणेची हमी लिहून दिली तर एवढ्यावर निभावेल. पण तिसरी चुकलेली असता कामा नये.

"तिसरी नाहीये ना?" अँब्रोसने विचारले.

टिल्डीने बिस्किटांच्या डब्याचे झाकण लावले.

त्याला पुन्हा बाहेर पाठवण्यात आले. तो पुन्हा बाथरूमला गेला.

आत आल्यावर हॉकिन्सनबाई म्हणाल्या की चालू तिमाहीबद्दल एका कागदावर मालकाची सही लागेल. अँब्रोसने पेन उचलले. तशी त्यांनी कागद ओढून घेतला. सही करायची तर मालकाला कागद वाचावा लागेल, आणि मालकाने वाचला तर कामगाराला आगाऊ कळेल. त्यांनी कन्सास सिटीला फोन लावला. तिकडे त्यांना वाट पाहायला सांगितले आणि संगीत लावले. वीस मिनिटे स्वयंपाकघरात व्हायोलिन वाजत होते. मिस्टर ड्रायलिंग, तोवर आपण जरा, असे बाईंनी हाताने सुचवले.

अँब्रोस तिसऱ्यांदा गेला. खरे तर गरज नव्हती. पण माणसाला त्याच्याच घरात जायला एकच जागा ठेवली, तर तो तिथे जाऊन करणार काय?

बाहेर येताना ओट्याकडे त्याची नजर गेली. तिथे दुसरा कुचेन होता. अखंड, फडक्याखाली. टेबलावरचा पाहुणीसाठी होता, हे समजण्यासारखे होते. हा कुणासाठी? तो फडके उचलून पाहत असताना टिल्डी समोर आली.

"हा कुणासाठी केलायस?"

"आज तरी येतील, त्यांच्यासाठी."

म्हणजे तिसरी होती.

हॉकिन्सनबाईंनी अँब्रोसचा चेहरा पाहिला, फडक्याकडे पाहिले आणि कन्सास सिटीचा फोन व्हायोलिनसकट बंद केला. घड्याळात तीन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. तिमाही आज संपत होती. पाच वाजता दवाखाना बंद होणार होता.

"मिस ड्रायलिंग," त्या म्हणाल्या, "आता यांना सांगा. आत्ता या क्षणी. ही तपासणीची वेळ."

टिल्डीने खात्री करून घेतली. पत्र चष्मा लावून पुन्हा वाचले. मग भावासमोर उभी राहून, चर्चमध्ये लग्नाची घोषणा करतात त्या आवाजात म्हणाली, "अँब्रोस ड्रायलिंग, तुझी चिठ्ठी निघाली आहे. एप्रिलमध्ये."

कळवल्यानंतर लगेच निघायचे, वाटेत कुठे थांबायचे नाही, असा नियम. अँब्रोस निघाला. टिल्डी कुचेन मांडीवर घेऊन शेजारी बसली, कारण येणारे येत नसतील तर कुचेन तरी जायला हवा होता. मागून हॉकिन्सनबाईंची गाडी. चार वाजून वीस मिनिटांनी तिघे हेजच्या दवाखान्यात पोचले. तिथे नमुने घेणारा ड्वेन नावाचा धिप्पाड माणूस आज लवकरच दिवे मालवायच्या बेतात होता. सहा वाजता त्याच्या मुलीची सॉफ्टबॉलची मॅच होती.

ड्वेनने अँब्रोसचे खिसे रिकामे केले, टोपी काढून घेतली, हात धुवायला लावले आणि हातात प्लॅस्टिकचा पेला दिला. आतल्या भांड्यात निळे पाणी होते, दार अर्धवट लावायचे होते, आणि पेल्यावर एक रेघ होती. पंचेचाळीस मिलिलिटर. माणसाच्या प्रामाणिकपणाची ती पातळी.

अँब्रोस पाच मिनिटांनी बाहेर आला. पेल्याचा तळ जेमतेम ओला होता.

"एवढंच?" ड्वेनने विचारले.

"मघाशी घरी तीनदा गेलो होतो."

"का?"

अँब्रोसने हॉकिन्सनबाईंकडे पाहिले. हॉकिन्सनबाईंनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले.

ड्वेनने तो पेला फेकला आणि नियम वाचून दाखवला. आता तीन तास. तेवढ्यात सव्वा लिटरपर्यंत पाणी पिता येईल. दवाखाना बंद झाला तरी सुरू केलेली तपासणी सोडता येत नाही, म्हणजे ड्वेनलाही जाता येणार नव्हते. तीन तासांत रेघेपर्यंत भरले नाही तर डॉक्टरांकडून आजाराचा दाखला आणायचा. आजार नसेल तर नकार धरायचा, आणि नकार म्हणजे नऊ महिने रुळापासून लांब.

"मी नकार देत नाहीये," अँब्रोस म्हणाला. "मी इथं उभा आहे. पेला हातात आहे."

"तुम्ही देत नाही. पण निघतही नाही. कागदावर दोन्ही एकच."

अँब्रोसने पाणी प्यायला सुरुवात केली. त्याच्या आयुष्यात लघवी ही कधीच अडचण नव्हती. अडचण होती ती नेमकी याच्या उलट. गावात त्याला दोन मैलांचा अँबी म्हणत, कारण तो ट्रक दर दोन मैलांना थांबवी. नातवाच्या नामकरणात तो दोनदा उठला होता. आज मात्र एका पेल्यावर दोनशे बारा मैल आणि दोन हंगाम येऊन बसले होते, आणि शरीराला हे कुणीतरी कळवले होते. आगाऊ.

साडेपाच वाजता त्याने पुन्हा प्रयत्न केला. दाराबाहेरून ड्वेन म्हणाला, "आरामात करा, घाई नाही." अँब्रोस कोरडा बाहेर आला. सहा वाजता ड्वेनची बायको फोनवर बोलली. मुलगी पहिल्याच डावात खेळायला उतरली होती. "आरामात करा," ड्वेन पुन्हा म्हणाला, पण आवाजात आता आराम नव्हता. प्रतीक्षागृहात टिल्डी जपमाळ घेऊन बसली होती. कशासाठी जप चालला आहे ते तिने कुणाला सांगितले नाही. हॉकिन्सनबाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. मध्यरात्रीपूर्वी नमुन्याचा क्रमांक चढवला नाही तर लाल खूण आपोआप उमटणार होती. मधे मधे त्या कुचेन खात. ड्वेनने चार तुकडे खाल्ले. अँब्रोसला खायला मनाई नव्हती, पण टिल्डीने त्याला दिला नाही.

"हा तपासणीवाल्यांसाठी आहे," ती म्हणाली.

सातला पाच कमी असताना अँब्रोस सगळ्यांवर एकदमच चिडला. तो म्हणाला की एकतीस वर्षांत त्याने रुळावर थेंब घेतला नाही. पिणाऱ्याला असले काही होत नसेल. पिणारा येतो, भसाभस भरून जातो आणि नापास होतो. इथे न पिणाऱ्यालाच नकाराची पाळी. ड्वेन म्हणाला, मिस्टर ड्रायलिंग, तुमचं बरोबर आहे, पण ते पेल्यात दिसत नाही.

सात वाजून अठरा मिनिटांनी त्याने पेला घेतला आणि शेवटचा प्रयत्न म्हणून आत गेला. सव्वा लिटर पाणी त्याच्या पोटात होते आणि जागचे हलत नव्हते. बारा मिनिटे उरली होती. तो निळ्या पाण्याकडे बघत उभा राहिला. बाहेर ड्वेनने नेमका घसा खाकरला.

तेवढ्यात पायाखालची फरशी थरथरली. दवाखान्याच्या मागेच मुख्य मार्ग होता. फाटकाशी भोंगा वाजला, दोन लांब, एक आखूड, एक लांब, आणि पश्चिमेकडे निघालेली मालगाडी भिंतीपलीकडून धडधडत जाऊ लागली. अँब्रोसने विचार केला नाही. आपोआप त्याने पाय जरा फाकवले, मान डावीकडे वळवली आणि जिथे फक्त पांढऱ्या फरश्या होत्या तिथे चाके मोजायला लागला. आठवा डबा. नववा. कुठे सपाट झालेले एक चाक ठकठक करत होते. कुणाला तरी कळवायला हवे, असे त्याच्या मनात आले. विसाव्या डब्यापाशी त्याचे लक्ष पेल्याकडे गेले. रेघ केव्हाच ओलांडली होती. पेला बदलायची सोय असती तर आणखी दोन भरले असते.

तो बाहेर आला आणि पेला ड्वेनच्या हाती दिला. ड्वेनने तो उजेडाकडे धरला, आणि सॉफ्टबॉलच्या मैदानावर ओरडायची जी आरोळी वाया जाणार होती, ती इथेच मारून घेतली.

"दहाव्या-बाराव्या डब्याच्या आसपास एक चाक सपाट आहे," अँब्रोस म्हणाला. "फोन करायला हवा."

हॉकिन्सनबाईंनी क्रमांक चढवला. त्यांनी त्याच्याशी हात मिळवायला हात पुढे केला, आणि मग त्याने आधी हात धुवावेत म्हणून थांबल्या.

निकाल तीन दिवसांनी येणार होता. तिसऱ्या दिवशी पोस्टमनची गाडी आली आणि गेली. अँब्रोसने विचारले, काही आलं का?

"कसलं काही?" टिल्डी म्हणाली.

त्याने कन्सास सिटीला फोन केला. तिकडच्या मुलाने सांगितले की निकाल कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीला पाठवला आहे. अँब्रोस म्हणाला, मी कंपनीचा मालक आहे. मुलगा म्हणाला, हो सर, पण आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही कामगारही आहात. करारही प्रतिनिधीच्याच पत्त्यावर गेला आहे, असेही त्याने सांगितले. म्हणजे, करार झालाच असेल तर.

दोन दिवस तो अंगणात ट्रकभोवती फिरत राहिला. बिस्किटांचा डबा फळीवर होता. तो उघडणे सहज शक्य होते. त्याने नाही उघडला. आपण प्यायलो नव्हतो हे त्याला ठाऊक होते. पण कागद काय म्हणतो, ही वेगळी गोष्ट असते, हे तो आता शिकला होता.

सोमवारी पहाटे तो उठला तेव्हा टेबलावर थर्मास भरलेला होता. शेजारी कागदात गुंडाळलेले चार बीरॉक होते, कोबी आणि मांस भरलेले पाव, ती फक्त कामाच्या दिवशी बांधून देई तसे. ट्रकची किल्ली त्यांच्यावर ठेवली होती.

"म्हणजे?" त्याने विचारले.

"म्हणजे काही नाही. तण वाढलंय म्हणतात."

तो निघाला. दिवसभरात एकोणीस मैल झाले. दुपारची मालगाडी त्याच्या पाठीमागून भोंगा वाजवत गेली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ओट्यावर फडक्याखाली काहीतरी होते. सोमवार होता, सणवार नव्हता, नवी तिमाही मात्र सुरू झाली होती. टिल्डी पाठमोरी भांडी विसळत होती, तिच्या पाठीवरूनही काही कळत नव्हते. अँब्रोसने फडके उचलले. पीचचा कुचेन, अखंड, आणि एका कोपऱ्याशी चिठ्ठी टोचलेली, 'ड्वेनसाठी'.

त्याने फडके होते तसे ठेवले. बाथरूमच्या दिशेने निघालेला तो अर्ध्या वाटेत थांबला, मागे फिरला, आणि नळाखाली मोठा पेला पाण्याने भरून घेऊन खुर्चीवर जाऊन बसला.